घरमा आपली, शाळामा शुद्ध

परवा ऑफिसात एकाचं फेअरवेल होतं, केक वगैरे झाल्यावर कोणीतरी स्पीकरवर अहिराणी गाणं लावलं. आता ही गाणी सगळीकडेच लागतात, यूट्यूबवर कोट्यवधी व्ह्यूज असतात, पुण्यातल्या वरातीत पण डीजेवाला वाजवतो. सगळे नाचत होते, मी पण नाचत होते, आणि टीममधला एकजण म्हणाला, अगं ही तुमच्याकडचीच भाषा ना, बोल ना काहीतरी! चांगल्या मनानं म्हणाला तो, त्याच्याबद्दल काही म्हणणं नाही. पण माझ्या तोंडून एक वाक्य निघेना. म्हणजे मला येत नाही असं नाही, पण कोणाशी बोलू? समोर कोणीतरी असावं लागतं ना ज्याला काहीतरी सांगायचंय. असं "काहीतरी बोल" म्हटल्यावर नुसतेच शब्द काढून दाखवायचे हे मला जमलं नाही. मी पाणी प्यायला म्हणून बाजूला गेले आणि तेव्हापासून हे सगळं डोक्यात फिरतंय, तर आज लिहूनच टाकते.

मी साक्री तालुक्यातली, पांझरेच्या काठचं गाव. वयाच्या दहाव्या वर्षापर्यंत मला माहीतच नव्हतं की आपण काही वेगळं बोलतो. पुस्तकात असतं ते पुस्तकातलं आणि तोंडात असतं ते बोलणं, एवढाच फरक माहीत होता, गुरुजी पण धडा वाचून दाखवायचे आणि मग समजावून सांगायचे अहिराणीत. मला म्हणजे माले, तिथे म्हणजे तठे, इथे म्हणजे आठे, बस म्हणजे बठ, आहे म्हणजे शे. आणि ळ तर आमच्या तोंडात जवळजवळ नाहीच, त्याचा य होतो. डोळा तो डोया, केळी ती केयी, कळण्याची भाकर ती कयन्यानी भाकर. (ज्यांनी खाल्ली नसेल त्यांच्यासाठी, ज्वारी आणि सालासकट उडीद एकत्र दळून त्याची भाकरी करतात, सोबत ठेचा आणि वांग्याचं भरीत, हिवाळ्यात याच्यापुढे काही नाही.)

घरात आम्ही पाच जण. आई, पप्पा, मी, भाऊ आणि मोठमाय. मोठमाय म्हणजे पप्पांची आई. तिला एकच भाषा यायची असं मला वाटायचं, पण तिला दुसरी पण येत होती, ती तलाठ्याकडे जाताना वापरायची. उतारा काढायला किंवा बँकेत किंवा सरकारी दवाखान्यात मी तिच्यासोबत गेलेय, तिथे ती लुगड्याचा पदर नीट डोक्यावर घ्यायची, आवाज बारीक करायची आणि एकेक शब्द जपून टाकत बोलायची, "साहेब, आमच्या उताऱ्याचं काम झालं आहे का?" झालं आहे का, असं पूर्ण. नदीला पाणी असताना दगडावरून पाय टाकत जातो ना, तसं. आणि काम झालं की बाहेर येऊन एक मोठा श्वास सोडायची आणि मला म्हणायची, काय व माय, थकी गई का? मी काय थकणार, थकायची तीच.

पप्पा एसटीत कंडक्टर होते. २००४ मध्ये आम्ही धुळ्याला राहायला आलो, मला पाचवीत शहरातल्या शाळेत टाकलं. आता कोणी म्हणेल की धुळ्यात तर सगळीकडे अहिराणी चालते, भाजी बाजारात जा, डेपोत जा, सगळे तेच बोलतात. खरंय. पण शाळेत नाही. त्या वर्गात सरकारी नोकरीत बदली होऊन आलेल्यांची, डॉक्टरांची, प्राध्यापकांची मुलं होती, आणि ज्यांच्या घरी अहिराणी होती ती मुलं पण वर्गात तोंडातून एक अक्षर काढायची नाहीत. हे सगळं मला काय माहीत. पहिल्याच आठवड्यात बाईंनी मला उभं करून धडा वाचायला लावला. मी छान वाचायचे, गावात माझा पहिला नंबर असायचा, त्यामुळे मी मोठ्या आवाजात वाचायला लागले आणि "तिचे डोळे भरून आले" असं काहीतरी वाक्य होतं, ते मी वाचलं, तिचे डोये भरून आले. मला स्वतःला कळलंच नाही काय झालं ते. समोर ळ दिसत होता, मी ळ च वाचला असं मला वाटलं. वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत, त्यांनी फक्त म्हटलं, बाळा, घरचं घरी बोलायचं, इथे शुद्ध बोलायचं. प्रेमानंच म्हणाल्या. पण पुढची दोन वर्षं माझं नाव डोया पडलं. ए डोया, डोयाला विचार, डोया आली.

त्या दिवशी घरी येऊन मी आरशासमोर बसले आणि ळ म्हणायला लागले. जीभ मागे वळवून टाळूला लावायची आणि झटकन पुढे सोडायची. बाळ, काळा, फळा, शाळा, डोळा. मोठमाय बाजूला गहू निवडत बसली होती, तिला वाटलं मला काहीतरी पाठांतर दिलंय, ती कौतुकानं ऐकत होती.

पप्पांना मी सांगितलं तेव्हा ते म्हणाले, त्यात काय, शाळामा शुद्ध बोल, घरमा आपली बोल. त्यांना ते इतकं सोपं होतं! मी त्यांच्यासोबत बसमध्ये किती वेळा गेलेय, खेड्यातली बाई चढली की तिच्याशी अहिराणी, मागे नाशिकचा कोणी शर्ट-पँटवाला बसलाय त्याच्याशी मराठी, पुढे कोणी हिंदीवाला, त्याच्याशी हिंदी, आणि तिकीट फाडता फाडता हे सगळं चालायचं. माणूस तोच राहायचा. मला तसं जमलं नाही, आणि आता विचार केला की वाटतं त्यांना कधी कोणी हसलं नव्हतं, किंवा हसलं असेल तर मोठे झाल्यावर हसलं असेल. दहाव्या वर्षी हसणं वेगळं लागतं. मी घरात पण शुद्ध बोलायला लागले, म्हटलं सवय मोडायला नको. वहीच्या शेवटच्या पानावर दोन रकाने केले होते, डावीकडे चुकीचा शब्द, उजवीकडे बरोबर. बठ, बस. आठे, इथे. माले, मला. तुनी माय, तुझी आई. ती वही गेली कुठेतरी पण डावीकडचं हेडिंग माझ्या डोळ्यासमोर आहे. "चुकीचे". दहा वर्षांच्या मुलीनं स्वतःच्या हातानं लिहिलेलं, मला कोणी लिहायला लावलं नव्हतं.

एक गोष्ट मात्र मला तेव्हाही खटकली होती. सातवी की आठवीत मराठीच्या पुस्तकात बहिणाबाईंची कविता होती. त्यात आभाळाला आभाय आहे. म्हणजे तेच, ळ चा य! आणि बाई ती कविता इतकी जीव लावून शिकवत होत्या, बोलीचा गोडवा, मातीचा सुगंध, हे सगळं आम्ही वहीत उतरवून घेतलं आणि परीक्षेत त्यावर मार्क मिळाले. मी बाकावर बसून विचार करत होते की आभाय गोड आहे तर डोया का गोड नाही? बहिणाबाई जळगावजवळच्या आसोद्याच्या, त्यांची बोली लेवा गणबोली, आमची अहिराणी वेगळी, हे मला पुढे कळलं, लोक सरसकट एकच समजतात. त्या लिहायला वाचायला शिकलेल्या नव्हत्या, शेतात-घरात काम करता करता म्हणायच्या आणि मुलानं लिहून ठेवलं. १९५१ मध्ये त्या गेल्या आणि पुस्तक आलं त्याच्या पुढच्या वर्षी. आता तर जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे, २०१८ पासून. मला त्यांच्याबद्दल फार वाटतं, पण एक मनात येतंच, त्यांचं बोलणं "गोड" झालं ते छापून आल्यावर, त्या गेल्यावर. जिवंत बाई बाजारात तसंच बोलली तर ती गावठी.

प्रश्न मी विचारला नाही. हात वर केलाच नाही.

२०११ ची जनगणना फेब्रुवारीत झाली तेव्हा मी अकरावीत होते. शाळेतलेच एक सर फॉर्म घेऊन घरी आले होते, पप्पांनी खुर्ची दिली, आई चहा घेऊन आली. मातृभाषेच्या रकान्याला त्यांनी विचारलं पण नाही, मराठी असं म्हणत म्हणत लिहून पुढे गेले आणि पप्पांनी मान हलवली. मोठमाय ओट्यावर बसून होती, तिच्या पण नावापुढे मराठी. तेव्हा मला ते बरंच वाटलं होतं. पुढे सहा-सात वर्षांनी त्या जनगणनेचे भाषांचे आकडे आले ते मी वाचले, त्यात खानदेशी अशी वेगळी भाषा आहे, अहिराणी तिच्यातच धरलेली, आणि बोलणारे साधारण १८ लाख ६० हजार. म्हणजे मराठीच्या पोटात नाही, वेगळी. त्या १८ लाख ६० हजारांत आमच्या घरातले पाच जण नाहीत. मोठमाय पण नाही, जिला दुसरं काही धड बोलता येत नव्हतं.

मग मी आणखी वाचत गेले. ग्रियर्सनचा जो भारतातल्या भाषांचा मोठा सर्व्हे आहे त्यात मराठीचा खंड सातवा, १९०५ चा. खानदेशी त्यात नाही. ती नवव्या खंडात, १९०७ मध्ये, भिल्ली भाषांसोबत ठेवलीय. ती मराठीची बोली की वेगळी भाषा की गुजराती-मराठीच्या मधली कोणी, यावर अभ्यासकांचं अजून पूर्ण एकमत नाही. मला त्यातलं शास्त्र फारसं कळत नाही, पण हे वाचताना एका गोष्टीनं मी हलले, की मी जे वहीत "चुकीचं मराठी" म्हणून लिहीत होते ते मराठीच नव्हतं कदाचित! दुसऱ्याच कशाचंतरी ते बरोबर होतं. हे दहाव्या वर्षी कोणी सांगितलं असतं तर.

पण मी पुढे पळाले, मधलं राहिलं. पुणं.

२०१२ ला इंजिनिअरिंगला पुण्यात आले. तोपर्यंत ळ पक्का झाला होता, शब्द सगळे बदलले होते, पण इथे आल्यावर कळलं की हेल राहिलाय. वाक्याच्या शेवटी आम्ही जरा वर जातो आणि "करून राहिले", "जाऊन राहिले" हे तर अगदी शुद्ध बोलताना पण सुटतंच. हॉस्टेलला मी रात्री फोनवर स्वतःचं बोलणं रेकॉर्ड करून ऐकायचे. एफएमवरची निवेदिका जसं बोलते तसं एकेक वाक्य तिच्यामागून म्हणायचे. गेले ऐवजी गेलेले, म्हटलं ऐवजी म्हणलं, इथल्या मुली जसं बोलतात तसं. सहा महिन्यांत झालं. फर्स्ट इयरच्या शेवटी एक मैत्रीण म्हणाली, तू धुळ्याची? अजिबात वाटत नाहीस गं! आणि मला इतका आनंद झाला, त्या दिवशी मी सगळ्यांना कॉफी पाजली होती. हे मी लपवणार नाही, खरंच झाला होता. त्या वयात आपण कोणीतरी व्हावं असं वाटतं आणि ते कोणीतरी म्हणजे आपण सोडून दुसरं कोणी असंच डोक्यात असतं, निदान माझ्या होतं.

घरचा फोन आला की मी कॉरिडॉरच्या टोकाला जायचे. आईशी मी तेव्हा पण थोडी अहिराणी बोलायचे, हळू आवाजात. एकदा रूममेट कपडे वाळत घालायला तिकडे आली आणि तिनं ऐकलं. रात्री विचारलं, तू मघाशी गुजरातीत बोलत होतीस का? गुजराती आहात का तुम्ही? मी म्हटलं, हो, म्हणजे आमच्या भागात गुजराती मिक्स असतं थोडं, बॉर्डर आहे ना. आणि विषय बदलला. इतकं सहज निघालं तोंडातून. आई पलीकडून विचारत होती की डबा बरा मिळतो का आणि थंडी किती पडलीय आणि मी तिच्या त्या बोलण्याला दुसऱ्याच भाषेचं नाव देऊन मोकळी झाले. डोया म्हणून चिडवलं त्याचं आता मला काही वाटत नाही, पोरं होती. याचं मात्र वाटतं.

आणि दुसरं दिवाळीचं. २०१४ ची दिवाळी, मी थर्ड इयरला. मोठमाय तेव्हा गावीच राहायची, आम्ही सगळे दिवाळीला गावी गेलो. मी सहा-सात महिन्यांनी तिला भेटत होते. ती दारातच उभी होती, माझे दोन्ही हात धरले आणि काहीतरी भराभर विचारलं, कधी निघालीस, बस मिळाली का नीट, असंच. आणि मी उत्तर दिलं, "हो, अगं सकाळी सातलाच निघालो आम्ही, नाशिकपर्यंत जरा ट्रॅफिक लागलं." त्या एफएमवालीच्या आवाजात. मला मुद्दाम नव्हतं करायचं, दुसरा आवाज त्या वेळी माझ्याकडे राहिलाच नव्हता. ती माझ्याकडे बघत राहिली. मग माझे हात सोडले, पदर डोक्यावर नीट घेतला, आणि म्हणाली,

"तू जेवण करून घेतेस का?"

जेवी ले नाही. जेवी ले व माय असं ती आयुष्यभर म्हणत आली होती. जेवण करून घेतेस का. दगडावरून पाय टाकत. तलाठ्याशी बोलायचं मराठी ती माझ्याशी बोलली.

चारही दिवस ती माझ्याशी तशीच बोलली. आईशी, पप्पांशी, शेजारणींशी आपली भाषा आणि माझ्याकडे वळली की थांबायची, शब्द शोधायची. तिला राग आला नव्हता, रुसली पण नव्हती. तिला ते मानाचं वाटत होतं, पोर शिकली, मोठी झाली, तिच्याशी नीट बोललं पाहिजे. आणि तिला ते जड जात होतं म्हणून ती माझ्याशी कमी बोलायला लागली. पूर्वी मी तिच्याजवळ झोपायचे, तेव्हा ती अंधारात किती वेळ बोलायची, कोणाची गाय व्यायली, कोणाच्या पोरीला बघायला आले. त्या दिवाळीत पण मी तिच्याजवळच झोपले. ती म्हणाली, झोप आता, आणि गप्प झाली.

मी तेव्हा काहीच केलं नाही. समजलं होतं आणि तरी केलं नाही, कारण एकदा तो आवाज काढून ठेवला की परत घालताना लाज वाटते, खोटं वाटतं. तिच्याशी अहिराणी बोलायला गेले असते तर नक्कल केल्यासारखं झालं असतं. पाच-सहा वर्षं अशीच गेली, सुट्टीला जायचं, पाया पडायचं, ती विचारणार "काम कसं चालू आहे", मी सांगणार छान चालू आहे.

मधे एकदा रात्री शिवाजीनगर स्टँडवर धुळ्याच्या गाडीची वाट बघत होते, तेव्हा स्टँड तिथेच होता, आता वाकडेवाडीला नेलाय. बाजूला एक बाई नातवाला रागवत होती, आठे ये, तठे नको जाऊ, आणि मला रडू यायला लागलं. लोक बघायला लागले. त्या बाईनं मला विचारलं, काय झालं ताई, बरं नाही का? मराठीत. साहजिक आहे, माझ्याकडे बघून मराठीतच विचारणार.

मार्च २०२० मध्ये ऑफिस बंद झालं आणि मी लॉकडाऊन लागायच्या चार-पाच दिवस आधी घरी पोचले, तोपर्यंत आई-पप्पा पण गावीच राहायला गेले होते. चार महिने मी गावी होते, दहा वर्षांची असताना सुटलेलं घर. आखाजी एप्रिलच्या शेवटी आली. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते, अक्षय्य तृतीयेला आमच्याकडे आखाजी म्हणतात, खानदेशात दिवाळीएवढा सण, सासरच्या पोरी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, गौराई बसवतात आणि पुरणाचे मांडे होतात. त्या वर्षी कोणी कुठून येणार, झोके पण नाहीत. पण मोठमाय म्हणाली मांडे करायचेच.

मांडे खापरावर होतात. खापर म्हणजे मातीचं मोठं भांडं, ते चुलीवर पालथं घालतात. कणीक अशी मळायची की धरली तर तार सुटली पाहिजे, त्यात पुरण भरायचं आणि पोळपाट-लाटणं काही नाही, दोन्ही हातांवर घेऊन ती फिरवत फिरवत वाढवायची, आधी तळव्यावर, मग मनगटावर, मग कोपरापर्यंत, रुमालासारखी मोठी आणि इतकी पातळ की पलीकडचं दिसतं, आणि एका झटक्यात खापरावर सोडायची. मोठमायचं वय तेव्हा ऐंशीच्या पुढे, ऐकायला कमी येत होतं, पण हात तसेच. मी चुलीजवळ बसून बघत होते. तिचा मांडा फिरत होता आणि ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुला जमेल का हे?" तेच, शुद्ध. आणि मी काही ठरवलं नव्हतं, मी म्हटलं,

"माले शिकाड ना, मोठमाय."

मोठ्यांदा म्हणावं लागलं, तिला ऐकू यायचं नाही म्हणून. माझा आवाज फाटला, हेल चुकला, मला स्वतःला तो ऐकून कसंतरी झालं. आई पुरण वाटायची थांबली. मोठमायनं मांडा खापरावर सोडला, तो नीट पसरला का बघितलं, कडेला एक बोट फिरवलं, आणि म्हणाली, "पहिले हात धुई ये."

एवढंच. जणू मी कालपर्यंत तसंच बोलत होते. मी मोरीत जाऊन हात धुतले आणि तोंड पण धुतलं आणि बराच वेळ तिथेच उभी राहिले.

माझे सगळे मांडे फाटले त्या दिवशी. ते तुकडे आम्ही दुधात घालून खाल्ले. आणि त्या रात्री तिनं मला कोणाची गाय व्यायली ते सांगितलं.

ते चार महिने माझ्याकडे आहेत. नंतर मी पुण्याला परत आले, आणि २०२२ च्या थंडीत मोठमाय गेली.

आता मी काय करते, तर घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अहिराणीत टाइप करते. कीबोर्ड जिथे तिथे अडवतो, माले लिहिलं की माझे करून टाकतो. शिवाय प्रत्येकजण वेगळं लिहितो, भाऊ राह्यनी लिहितो, मी ऱ्हायनी लिहिते, शाळेत कोणी शिकवलंच नाही की हे कसं लिहायचं. पण लिहितो. भावाची मुलगी नाशिकला इंग्लिश मीडियमला आहे, वहिनी म्हणते तिच्यासमोर शुद्धच बोला नाहीतर शाळेत हसतील, आणि मला वहिनीवर रागावता येत नाही, कारण हसतीलच. तरी मी तिच्याशी फोनवर अहिराणी बोलते. ती मला विचारते आत्या, शे म्हणजे काय? मी सांगते, शे म्हणजे आहे. ती म्हणते मग आहे का नाही म्हणत? मी म्हणते, तू आहे पण म्हण आणि शे पण म्हण. तिला ते चालतं, तिच्या दृष्टीनं तो फक्त एक जास्तीचा शब्द आहे. तिला अजून कोणी हसलेलं नाही.

आणि हे पण सांगते, माझी अहिराणी आता मराठीच्या अंगानं येते. गेल्या महिन्यात धुळ्याच्या गाडीत मी कंडक्टरशी अहिराणीत बोलले, साक्री फाट्याचं विचारलं, आणि तो मला शुद्ध मराठीत म्हणाला, हो मॅडम, थांबते ना गाडी. मी परत अहिराणीत बोलले, तो परत मराठीत. पप्पांच्या वयाचा होता. त्याला माझ्या शब्दांतून कळलं नसेल असं नाही, पण बोलण्यातून मी त्याला बाहेरचीच वाटले असेन आणि त्यानं मला मान दिला, मोठमायनं दिला होता तसाच. पुढच्या वेळी मी परत बोलणार आहे.

शेवटचं एक. मोठमायच्या आवाजाचं माझ्याकडे एकच रेकॉर्डिंग आहे. लॉकडाऊनमध्ये ती रोज समोर होती तर रेकॉर्ड करायचं सुचलंच नाही. हे आहे ते २०१७ चं, मी नवीन फोन घेतला होता आणि तिला म्हटलं, कळण्याच्या भाकरीचं प्रमाण सांग ना, मी रेकॉर्ड करते. सहा मिनिटांचं आहे. त्यात माझा तो एफएमचा आवाज आहे आणि ती मला सांगतेय, ज्वारी इतकी घ्यायची, उडीद इतके घ्यायचे, मीठ दळतानाच टाकायचं आहे, सगळं शुद्ध, सगळं तलाठ्याच्या ऑफिसात बसल्यासारखं. कळणा म्हणताना ळ वर थांबते आणि तो नीट म्हणते. मी ते पूर्वी पाच मिनिटांनंतर बंद करायचे, ऐकवायचं नाही.

मागच्या आठवड्यात पहिल्यांदा शेवटपर्यंत ऐकलं. शेवटी मी म्हणते, झालं, थँक्यू. तिला वाटतं बंद झालं. भांड्याचा आवाज येतो, ती उठते बहुतेक, आणि मग लांबून, तिच्या खऱ्या आवाजात, दळणाच्या डब्यावर चढलेल्या मांजरीला ती म्हणते, "हट, तठे नको बठू."